वैनगंगेचे पाणी आणि पूर्णेची माती

ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाचे पाणी चारशे किलोमीटरहून लांब कालव्याने बुलढाणा जिल्ह्यातल्या नळगंगा धरणापर्यंत न्यायचे, अशी ही योजना आहे. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलढाणा या सहा जिल्ह्यांतल्या सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर जमिनीला त्याचा लाभ व्हावा, अशी अपेक्षा आहे.

आम्ही गोंदियाची माणसे वैनगंगेच्या काठची. त्यामुळे चहाच्या टपरीपासून ग्रामसभेपर्यंत आमच्याकडे एकच प्रश्न ऐकू येतो: आपले पाणी गेले तर आपल्याला उरणार किती? प्रश्न रास्तच आहे. पण श्रोतेहो, आज मला दुसराच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. हे पाणी ज्या मातीवर पडणार, ती माती कशी आहे? तिला पाणी पचेल का? या प्रश्नाचे उत्तर निम्मे शास्त्रात आणि निम्मे इतिहासात आहे. मी कविता लिहिणारा माणूस, मृदाशास्त्रज्ञ नव्हे. पण इतिहासाची पाने चाळण्याची आवड आहे. त्या पानांत जे सापडले, ते सांगतो.

आधी आमच्या मातीबद्दल दोन शब्द. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. महाराष्ट्र म्हटला की काळा दगड आणि काळी माती डोळ्यांपुढे येते. पण हा ज्वालामुखीचा काळा दगड नागपूरच्या आसपास संपतो. आमच्याकडचे खडक त्याहून कितीतरी जुने. माती कुठे पिवळसर, कुठे राखाडी, कुठे रेताड. आमच्या शेतकऱ्यांनी तिला नावेही वेगवेगळी दिली: कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी. पाऊस भरपूर, साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर. एवढ्या पावसात जमिनीतले क्षार धुऊन निघून जातात. म्हणून खाऱ्या जमिनीचे दुखणे आम्हाला फारसे ठाऊक नाही. आमचा प्रश्न वेगळा होता. धो धो पडणारे पाणी वाहून जाते, ते अडवायचे कसे? कोहळी समाजाच्या पूर्वजांनी त्याचे उत्तर तलावांत शोधले. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला, असे परंपरा सांगते. असे हजारो मालगुजारी तलाव या झाडीपट्टीत झाले. त्या तलावांची मातीची पाळ सगळ्यांच्या नजरेत भरते. पण बांधणाऱ्यांनी पाळीइतकीच काळजी सांडव्याची आणि पाणी सोडायच्या तुडुमाची घेतली. पाणी आणायचे तर त्याच्या जाण्याची वाट आधी ठरवायची, हे त्यांना पक्के माहीत होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिचाच संबंध येणार आहे.

आता गोंदियाहून मुंबईच्या गाडीत बसून पश्चिमेकडे चला. नागपूर, वर्धा, बडनेरा मागे टाकून मूर्तिजापूर, अकोला आले की आपण पूर्णेच्या खोऱ्यात असतो. उत्तरेला सातपुड्याचा गाविलगड डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधे नजर पोचेल तिथपर्यंत सपाट काळे रान. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले. पुढे भूकवचाच्या हालचालींत इथली जमीन खचली आणि त्या खळग्यात दोन्ही डोंगरांवरून झिजून आलेला गाळ साठत गेला. काही ठिकाणी या गाळाची खोली शेकडो मीटर आहे. पूर्णा त्यावरून संथपणे वाहते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते.

या गाळाच्या पोटात खारे पाणी आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर अशा तालुक्यांतून हा पट्टा जातो. लोकांनी त्याला नाव दिले खारपाणपट्टा. सुमारे साडेचार लाख हेक्टरांचा हा प्रदेश. नावात पाणी आहे, माती नाही, हे मला विचार करण्यासारखे वाटते. विहीर खणली, पाणी तोंडात घेतले, ते खारट लागले, म्हणून खारपाण. मातीचे दुखणे असे जिभेला कळत नाही. ते ध्यानात यायला फार काळ लागला.

इतिहासात या भागाची नोंद मातीमुळे झाली नाही, मिठामुळे झाली. अकबराच्या फौजांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड घेतले. त्याच सुमारास अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन लिहिले. मेहकरजवळच्या लोणारचा उल्लेख करताना, तिथे काच आणि साबणाला लागणारा माल निघतो आणि त्याचा महसूल मिळतो, असे त्याने सांगितले आहे. लोणार पूर्णेच्या या खोऱ्यात येत नाही, पण त्याच लाव्ह्याच्या पठारावर आहे. लोणार या नावातच लवण आहे. आमच्या घरात वडीलधारी मंडळी उर्दूत बोलत. खाऱ्या, नापीक जमिनीला त्यांच्या तोंडी ‘शोर’ हा फारसी शब्द असे. उत्तरेकडे तिलाच ऊसर म्हणतात आणि तिच्यावर फुलणाऱ्या पांढऱ्या क्षाराला रेह. मराठीत खारवट, क्षारपड आणि चोपण असे शब्द आहेत. त्यातला चोपण हा शब्द फार नेमका आहे, त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. १८६९ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ए. बी. विन यांनी पूर्णेच्या खोऱ्यावर एक टिपण प्रसिद्ध केले. अकोल्याच्या उत्तरेला दहीहांड्यापासून अमरावतीच्या दिशेने कित्येक मैल मिठाच्या विहिरी होत्या. काही शंभर फुटांहून खोल. वरची चिकणमाती खणत गेले तर पाणी फारसे लागत नसे, पण खाली खडीमिश्रित थर फोडला की खारे पाणी जोराने वर येई. ते पाणी आटवून मीठ करीत. म्हणजे या रानाच्या पोटात काय आहे, हे भूगर्भशास्त्रज्ञ येण्याआधी मीठ करणाऱ्या कष्टकऱ्यांना माहीत होते. पुढे मिठावर सरकारचा कर आणि पहारा बसला, रेल्वेने समुद्राचे मीठ येऊ लागले आणि हा उद्योग बंद पडला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. वऱ्हाड म्हणजे कापूस, अशी ओळख झाली. मिठाच्या विहिरी बुजल्या आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याची आठवण फक्त तिथे राहणाऱ्यांपुरती उरली.

त्या राहणाऱ्यांनी मात्र शेतीची एक रीत बसवली होती. विहिरीचे पाणी शेताला द्यायचे नाही. पावसावर कापूस, ज्वारी, मूग, तूर घ्यायची. काही रान पावसाळाभर मोकळे ठेवून वखरत राहायचे आणि मुरलेल्या ओलीवर हिवाळ्यात हरभरा पेरायचा. बाहेरच्या माणसाला हा आळस वाटेल. पण ज्या जमिनीला ओलीत सोसत नाही, तिथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले ते शहाणपण होते.

ओलीत सोसत नाही म्हणजे काय होते, हे पाहायला आपल्याला पूर्णा सोडून पुणे जिल्ह्यात जावे लागेल. तिथली जमीनही काळीच. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. दुष्काळी मुलखात पाणी आले, ऊस आला, पैसा आला. आणि वीस-पंचवीस वर्षांत खोलगट भागातल्या चांगल्या जमिनी खारावून पडीक पडू लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्या सोबत त्यांचा अभ्यास केला आणि १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. कारण उघड होते. पाणी येत होते, पण जमिनीतून बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. भूजल वर चढले आणि आपल्याबरोबर क्षार घेऊन आले. पुढे इंग्लिस आणि गोखले या अभियंत्यांनी दख्खनच्या कालव्यांवर निचऱ्याचे काम केले. म्हणजे कालवा आधी आणि निचरा चाळीस वर्षांनी, असा हा क्रम. उत्तर हिंदुस्थानात यमुनेच्या कालव्यावर हेच आधी घडले होते. तिथल्या शेतकऱ्यांनी रेहची तक्रार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच केली होती. तरीही नीरेवर तीच चूक पुन्हा झाली.

नीरेचे आणि पूर्णेचे दुखणे एकच नाही, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. नीरेचे दुखणे कालव्याने आणले. पूर्णेचे उपजत आहे. कालवा नसतानाही इथली माती बिघडत आलेली आहे. ती कशी, हे शक्य तितके सोपे करून सांगतो.

काळ्या मातीतली चिकण अतिशय बारीक कणांची असते. हे कण एकमेकांना धरून राहतात, त्यांची ढेकळे होतात आणि ढेकळांमधल्या फटींतून हवापाणी खेळते. कणांना धरून ठेवण्याचे काम प्रामुख्याने कॅल्शियम करतो. पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस बेताचा आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे कमी होत जाणारा. कोरड्या हवेत मातीतला कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली बसतो आणि त्याची जागा हळूहळू सोडियम घेतो. सोडियमला कण धरून ठेवता येत नाहीत. पाऊस पडला की कण सुटे होतात, पाण्यात तरंगतात आणि मातीच्या फटी बुजवतात. मग वर पाणी तुंबलेले आणि हातभर खाली माती कोरडी, असा प्रकार होतो. ओली असताना अशी जमीन लोण्यासारखी गुळगुळीत, पाय घसरेल अशी. वाळली की दगडासारखी, नांगराचा फाळ वाकवणारी. हिला आपला शेतकरी चोपण म्हणतो. जमीन नुसती खारवट असेल तर तिच्यावर पांढरी बुरशी दिसते आणि चांगल्या पाण्याने क्षार धुता येतात. चोपण जमिनीत तसे होत नाही. क्षार धुतले गेले तरी सोडियम चिकणमातीला चिकटून राहतो आणि जमीन आणखी घट्ट होते. खारवट आणि चोपण हे दोन शब्द आपल्या भाषेत वेगळे आहेत, ते उगाच नाहीत.

घरच्या घरी पाहायचे असेल तर एक साधी रीत आहे. मातीचा वाळलेला छोटा खडा काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात हलकेच सोडा आणि ढवळू नका. चांगल्या मातीचा खडा फुटेल, पण पाणी नितळ राहील. चोपण मातीच्या खड्याभोवती काही वेळाने दुधाळ, गढूळ ढग दिसू लागेल. विहिरीचे खारे पाणी यासाठी घेऊ नका, त्यात हा दोष झाकला जातो. अर्थात नेमके मोजमाप हवे तर प्रयोगशाळेशिवाय इलाज नाही.

मोजमापाचीही एक हकिकत आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या क्षार प्रयोगशाळेने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेप्रमाणे, मातीच्या धारणशक्तीत सोडियमचा वाटा पंधरा टक्क्यांवर गेला की ती जमीन चोपण समजायची. जगभर हाच आकडा चालला. पण नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेतले डॉ. डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णा खोऱ्यातल्या मातीचा अभ्यास केला. १९९६ पासूनच्या त्यांच्या निबंधांतून असे दिसले की, आपल्या काळ्या मातीत सोडियमचा वाटा पाच टक्क्यांच्या पुढे गेला तरी पाणी मुरणे मंदावते आणि कापसासारख्या खोल मुळांच्या पिकाला त्याचा त्रास होतो. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने जी जमीन निरोगी, ती इथल्या शेतकऱ्याच्या हिशेबाने आजारी. त्याची तक्रार खरी होती, चुकत होती ती परक्या मातीवर ठरवलेली मोजपट्टी.

याच संशोधकांनी २००२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. अमरावतीकडच्या पेढी नदीच्या पाणलोटात डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या रानात थोडी थोडी उंचसखलता आहे. जी जागा किंचित उंच, तिथे पाऊस कमी मुरतो आणि माती जास्त चोपण होते. शेजारच्या खोलगट जागेत ती बरी राहते. नीरेवर खोलगट जमिनी बिघडल्या, इथे उंचवटे बिघडले. पाण्याच्या वाटेवर सगळे कसे अवलंबून आहे, हे यावरून कळते.

मग इलाज काय? अकोल्याला १९६९ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ते आणि कृषी खाते जे सांगत आले आहेत, त्याचे सार असे. पहिली गोष्ट, माती तपासून गरजेप्रमाणे जिप्समची भुकटी पावसाळ्यापूर्वी वरच्या थरात मिसळायची. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. मात्र निघून जायला वाट हवी. चर नसेल तर जिप्समचा खर्च वाया जातो. दुसरी गोष्ट, ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी जमिनीत गाडायचा आणि शेणखत द्यायचे. या मातीत चुना भरपूर आहे, पण तो कुलपात ठेवल्यासारखा अडकलेला. कुजणारा पाला आणि मुळे यांच्यामुळे त्यातला थोडाथोडा विरघळून कामाला येतो. तिसरी गोष्ट, रुंद वरंबा आणि सरी पाडून पेरणी करायची, म्हणजे जादा पाणी सरीतून जाते आणि मुळांना श्वास मिळतो. आणि चौथी गोष्ट, विहीर किंवा बोअरचे पाणी न देता पावसाचे पाणी शेततळ्यात साठवून, पावसाने ओढ दिली की एखाद-दुसरे संरक्षित पाणी द्यायचे.

या शेततळ्यांशी आमचे झाडीपट्टीचे नाते जुळते. चोपण मातीतून पाणी झिरपत नाही हा शेतातला दोष, पण तळ्याच्या बुडाशी तोच गुण ठरतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली ९३२ खारपाण गावे घेतली गेली, त्यात शेततळ्यांवर भर होता. आमच्या पूर्वजांनी केली तीच गोष्ट तिथे वेगळ्या कारणासाठी होते आहे. आम्ही भातासाठी पाऊस साठवला, त्यांना तो खाऱ्या पाण्यावर उतारा म्हणून हवा आहे.

पिण्याच्या पाण्याची तर वेगळीच व्यथा. खारपाणपट्ट्यातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यासाठी पायपीट केली. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, अशा पाण्यावर संसार केले. मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी त्या भागातून सतत येत राहिल्या. सातपुड्यातल्या वान धरणासारख्या साठ्यांतून नळयोजना झाल्या, तेव्हा काही गावांना दिलासा मिळाला. म्हणून गोंदियाच्या कोणी असे म्हणू नये की, तिकडे पाणी नेण्याची गरजच नाही. गरज आहे, आणि ती आपल्यापेक्षा जुनी आहे.

प्रश्न पाणी न्यायचे की नाही एवढाच नाही, ते कसे न्यायचे हाही आहे. नदीजोडाची सगळी जमीन खारपाणपट्ट्यात येत नाही. पण अकोला, अमरावती आणि बुलढाण्यात जिथे हे पाणी चोपण मातीवर किंवा चोपण होऊ घातलेल्या मातीवर जाईल, तिथे नीरेचा धडा विसरून चालणार नाही. नीरेची माती मुळात निरोगी होती, तरी पंचवीस वर्षांत आजारी पडली. पूर्णेची तर आधीच आजारी आहे आणि तिच्या खाली खाऱ्या पाण्याचा साठा आहे. अशा जमिनीवर बारमाही पाणी सोडले आणि निचरा केला नाही, तर गोड्या पाण्यानेच ती कायमची पडीक होऊ शकते.

म्हणून माझ्या मते दोन्हीकडच्या लोकांनी मिळून तीन गोष्टींचा आग्रह धरावा. कालव्याची आखणी होण्याआधी गावोगावच्या मातीचा बारकाईने नकाशा व्हावा. त्यासाठी पंधरा टक्क्यांची परकी मोजपट्टी नको, आपल्या मातीवर ठरलेली हवी. दुसरे, कालव्याच्या अंदाजपत्रकातच निचऱ्याच्या चरांचा खर्च धरावा आणि दोन्ही कामे बरोबरीने व्हावीत. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून क्षारपड जमिनी पुन्हा लागवडीला आणल्या. पण जमीन गेल्यानंतर हा खर्च त्यांना करावा लागला. पूर्णेच्या शेतकऱ्यावर ती वेळ का यावी? आणि तिसरे, हे पाणी आधी पिण्याला आणि मग कापूस, तूर, हरभऱ्याच्या संरक्षित ओलिताला मिळावे. ते उसाकडे वळले तर नीरेची गोष्ट पुन्हा घडेल.

नवेगावच्या पाळीवर उभे राहिले की एका बाजूला अथांग पाणी दिसते आणि दुसऱ्या बाजूला धानाची हिरवी बांधी. ज्यांनी हे केले त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. पण पाण्याला येण्याची वाट आणि जाण्याची वाट एकाच वेळी काढायची, एवढे त्यांनी कधी चुकवले नाही. वैनगंगेचे पाणी पश्चिमेला जाणार असेल, तर त्याच्याबरोबर झाडीपट्टीची ही रीतही जावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)